हळदीचा हात आणि चुन्याची भिंत

या अंकाच्या संपादकांनी मला पत्र लिहून दहा सोपे उपाय मागितले होते. भिंतीवरचे तेलाचे, शाईचे, धुराचे, हळदीचे डाग दिवाळीच्या आधी कसे काढावेत, ते गृहिणींना समजेल असं आणि खेळीमेळीनं लिहा, असं त्यांचं म्हणणं. उपाय मला पाठ आहेत. सात वर्षं मी सांगलीच्या एका रंगाच्या दुकानात हेच काम केलं. पण खेळीमेळीनं लिहायला बसले की आष्ट्याजवळच्या एका घरातली भिंत डोळ्यांपुढे येते, आणि त्या भिंतीपायी घराबाहेर काढली गेलेली शालन आठवते. मग हात थांबतो. तेव्हा उपाय सांगते, पण वाटेत जसे येतील तसे. मुख्य सांगायचं आहे ते शालनचं.

माझे वडील फौजेत होते. त्यांच्या बदल्यांमुळे माझं शिक्षण छावण्यांमधल्या इंग्रजी शाळांत झालं. ते निवृत्त होऊन साताऱ्याला परतले तेव्हा मी वीस वर्षांची होते. इंग्रजी उत्तम लिहायची आणि चार माणसांत तोंड उघडायची नाही. सांगलीला मावशी राहायची. तिच्या ओळखीनं अण्णांच्या दुकानात नोकरी मिळाली. अण्णांकडे मुंबईच्या एका रंगाच्या कंपनीची दोन जिल्ह्यांची एजन्सी होती. कंपनीचे तक्रारीचे छापील फॉर्म इंग्रजीत असत, ते भरायला त्यांना माणूस हवा होता. मला वाटलं, बरं झालं, खोलीत बसून कागद भरायचे, कोणाशी बोलायला नको.

दुसऱ्याच महिन्यात अण्णांनी मला लोकांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. त्याचं कारण मला कळलं तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.

आमच्या दुकानाचे मिस्त्री शंकरराव. रंगकामात त्यांचा हात धरणारा सांगलीत दुसरा नव्हता. भिंतीवर नुसता तळवा टेकवून आत ओल आहे की नाही ते सांगायचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला. नवं घर बांधणारे लोक शंकररावांना मानानं बोलावत. स्वयंपाकघर, माजघर, देवघराचा कोनाडासुद्धा त्यांच्याच हातून रंगवून घेत. मग वास्तुशांत व्हायची, चूल पेटायची, आणि त्या दिवसापासून शंकररावांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नसायचा. चार महिन्यांनी त्याच स्वयंपाकघरातल्या भिंतीवर डाग पडला, की तो काढायला आत कोणी जायचं? म्हणून मी. सुशिक्षित मुलगी, सुभेदारांची लेक, चपला काढून सरळ चुलीपर्यंत जाऊ शकणारी.

तर आमची पद्धत अशी बसली: मी आत भिंतीपुढे उभी राहायची आणि शंकरराव परसात खिडकीखाली उभे राहून सांगायचे.

"बाई, आदी कोरड्या फडक्यानं झटका. पानी लावू नगा. हाताला पांडरं लागतंय?"

"लागतंय."

"मग कोरडा डिस्टेंपर हाय. त्याला पानी म्हंजे मरान. कणकीचा गोळा मागून घ्या."

घरातली बाई कणीक आणून द्यायची आणि म्हणायची, "तुमचा गडी लय हुशार हाय हो." गडी! माझं सगळं ज्ञान त्या खिडकीतून आत आलेलं आहे. खालचे उपाय माझ्या नावावर छापले जातील, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

डाग काढण्याआधी भिंतीला काय लावलं आहे ते बघायचं, हा पहिला धडा. दिवाळीच्या तोंडावर शंभर घरांत एकच चूक होते. बाई साबणाचं पाणी घेते आणि डाग घासते. चुन्याची सफेदी किंवा कोरडा डिस्टेंपर असेल तर डागाबरोबर रंगही निघतो आणि तिथे बशीएवढा टक्कल पडल्यासारखा पांढरा गोल उरतो. ऑइलपेंट असेल तरच साबण चालतो. धुराची काजळी कधीही ओली करू नये, पिसाच्या झाडणीनं वरून खाली झटकावी. पेन्सिलीच्या रेघा कणकेच्या गोळ्यानं जातात. शाई जात नाही, तेवढा पापुद्रा खरवडून पुन्हा रंग लावावा. आणि खालून पांढरा लोणा, म्हणजे ओलीचा खार, फुटत असेल तर डागाला दोष देऊ नये, भिंतीच्या पलीकडे जाऊन मोरीचं पाणी कुठे मुरतंय ते बघावं.

डोक्याच्या तेलाचा डाग हा सगळ्यांत घरोघरचा. त्याला शंखजिऱ्याची पूड पाण्यात दाट कालवून थापावी, पुरती वाळली की झटकावी, मग टीपकागद धरून वरून कोमट इस्त्री फिरवावी. हा डाग मला आवडायचा, कारण तो खोटं बोलत नाही. कोण कुठे बसतं, किती वेळ टेकतं, खुर्चीवर की जमिनीवर, सगळं त्यात असतं. मला माणसांच्या तोंडाकडे बघायचा संकोच वाटायचा, त्यामुळे मी त्यांच्या भिंती बघत बसायची.

साताऱ्यात माझ्या वडिलांसारखेच आणखी एक निवृत्त सुभेदार होते. कंपनीच्या रंगात खोट आहे अशी तक्रार त्यांनी तीनदा लिहून पाठवली होती. आरामखुर्चीच्या मागे ताटाएवढा तेलकट डाग. मी विचारलं, "साहेब, डोक्याला तेल किती लावता?"

"उसका इससे क्या ताल्लुक?" ते कडाडले.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पाव वाटी लावत्यात पोरी. भजी तळावी तसं."

मी लेप लावला, डाग उतरला, साहेब खूश झाले. निघताना मला स्वयंपाकघराच्या दाराजवळ जमिनीपासून दोन हातांवर दुसरा डाग दिसला. पहिल्यापेक्षा काळपट, कित्येक वर्षांचा.

"हाही काढू का?"

"तो राहू दे," सुभेदार म्हणाले. "तिथं ही बसते. परत पडणारच."

"आन तुमचा न्हाई व्हय परत पडनार?" बाई आतूनच म्हणाली.

मी न विचारता तो डाग काढला. फॉर्मवर दोन डाग लिहिले तर साहेबांनी दुसऱ्यापुढे सही करायला नकार दिला. तक्रार त्यांची एकाच डागाची होती ना.

आता त्या फॉर्मबद्दल. पुढचं सगळं त्यावरच आहे. फॉर्मच्या तीन प्रती कार्बननं निघत: एक कंपनीला, एक दुकानाला, एक गिऱ्हाइकाला. त्यात 'डाग पडण्याचे कारण' असा एक रकाना असे आणि कंपनीनं त्यासाठी तीनच उत्तरं ठरवून दिली होती. भिंतीत ओल, गिलावा सदोष, किंवा वापरणाऱ्याने चुकीच्या पद्धतीने वापर केला. रंगच वाईट निघाला तर काय लिहायचं, असं मी एकदा कंपनीच्या साहेबांना पत्रानं विचारलं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर चौथं उत्तर येईल म्हणून मी वाट पाहिली. तेही आलं नाही.

तिसरं उत्तर लिहायला सोपं. त्याआधीच्या ओळीत 'रंग लावणाऱ्याचे नाव' असे. खेड्यात घरची सफेदी बायकाच करतात, त्यामुळे तिथे कायम बाईचं नाव यायचं. सखूबाई, गिरिजा, कलावती, आणि पुढे इंग्रजीत, चुकीच्या पद्धतीने वापर केला. असे किती फॉर्म मी भरले कोण जाणे. त्यातल्या एकीलाही तो कागद वाचता आला नसेल, आणि म्हणून मला कधी काही वाटलंही नाही.

मग आष्ट्याजवळच्या त्या घरची तक्रार आली. उसाची शेती असलेलं, खाऊनपिऊन सुखी घर. घरच्या कर्त्या माणसाला सगळे आबा म्हणत. आबा स्वतः दुकानात आले आणि अण्णांना म्हणाले, "तुमच्या रंगातनं रगत निगालंय."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जाऊन ये. फॉर्म घेऊन जा."

नवरात्रातले दिवस होते. घट बसायच्या आधी घर सारवून, भिंती पांढऱ्या करायची आपल्याकडची रीत. त्या घराची सफेदी थोरल्या सुनेनं, शालननं, आमच्या पुडीच्या डिस्टेंपरनं एकटीनं केली होती. ती साधारण माझ्याच वयाची. नवरा फौजेत, वर्षाला दोन महिने रजेवर यायचा. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. धाकट्या दिराचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं, आणि धाकटी सून आल्या आल्या गरोदर राहिली होती.

शंकरराव नेहमीसारखे परसात खिडकीपाशी थांबले. माजघरातून स्वयंपाकघरात जायच्या दाराच्या उजव्या अंगाला, पांढऱ्या सफेदीतून पाच हात वर आले होते. लालभडक तळवे, बोटं पसरलेली. पहिल्यांदा पाहिल्यावर माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? मग मी जवळ गेले, वास घेतला, आणि सगळं लक्षात आलं. उन्हाळ्यात लग्नाची हळद त्याच घरात लागली होती. नवरदेवाला हळद-तेल लावून झालं की बायका हात कुठे पुसतात? दाराशेजारच्या भिंतीला. ते पिवळे हात चार महिने तिथे होते. त्यावर चुना बसला आणि ते लाल झाले.

"घट बसल्या दिवशी हे वर आलं," आबांची बायको सांगू लागली. गावात त्यांना मोठ्या काकी म्हणत. उंच, ताठ बाई. "तवाच धाकटीला ताप भरला. चार दिस उतरंना. मग देवऋषी बोलावला. त्यानं लिंबू कापलं आन भितीवर पिळलं. जितं जितं रस पडला तितलं लाल जाऊन पिवळं झालं. समद्यांनी डोळ्यानं बघितलंय. त्यो म्हनला, घरातल्याच बाईनं केलंय. जिची कूस उजवली न्हाई तिनं."

शालन चुलीपाशी पाठमोरी बसून भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला नाही.

मी त्या दिवशी आयुष्यात प्रथम अनोळखी घरात कामापलीकडचं आपणहून बोलले. म्हटलं, मला चिमूटभर हळद द्या आणि पानाच्या डब्यातला चुना द्या. दोन्ही तळहातावर कालवलं. लाल झालं. वर लिंबू पिळलं. पिवळं झालं. घरातली, आबांच्या पुतण्यांची, पोरं ओरडली, "आयला! परत करा, परत करा!"

"बघा," मी म्हणाले, "करणी वगैरे काही नाही. हळद आणि चुना आहे."

काकी हसल्या. "ह्यात काय नवाल? पाय मुरगाळला की आमी लावतोच की हळद-चुना. कुकू बी मी घरी करती."

"मग भिंतीवरही तेच आहे."

"आसंल."

"मग थोरल्या सूनबाईंचा काय दोष?"

"रंगाचं तुमी बगा, बाई," काकी म्हणाल्या. "घरातलं आमी बगतो."

म्हणजे त्यांना माहीत होतं! मला वाटत होतं की लोक अडाणी असतात म्हणून असं होतं, कोणीतरी समजावून सांगितलं की संपतं. शाळेत आम्हांला तसंच शिकवलं होतं. त्या घरात अडाणी कोणीच नव्हतं. हळद चुन्यानं लाल होते आणि लिंबानं पिवळी होते हे चुलीपासून ओसरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना ते वापरायचं नव्हतं, इतकंच. एका निपुत्रिक सुनेला घालवायला सहा वर्षं कारण सापडत नव्हतं, ते भिंतीनं आयतं दिलं होतं.

आबांना मात्र जरा खटकलं असावं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हळद तर हळद. पर हात कुनाचं हाईत?"

मी वळून भिंतीकडे बघितलं. पाचही ठसे एकाच उजव्या हाताचे होते. आणि पाचही ठशांत मधलं बोट शेजारच्या दोन्ही बोटांपेक्षा आखूड होतं, वरचं पेर नसल्यासारखं. माझी नजर तिथून दाराच्या चौकटीवर गेली. काकींनी चौकट धरली होती. कधीकाळी कडबा तोडताना विळ्याखाली गेलेलं त्यांचं मधलं बोट मला स्पष्ट दिसत होतं.

ते मलाच दिसलं असं समजू नका. त्या माजघरात पोरं धरून नऊ माणसं होती. हा हात त्यांनी रोज ताटात भाकरी वाढताना पाहिला होता. आबांनी तर जन्मभर पाहिला होता. नऊही माणसं माझ्याकडे बघत होती. भाकरी थापायचा आवाज आता थांबला होता. शालननं वळून माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

खोटं होतं ते. भीती नव्हती, कोणी मला मारणार नव्हतं. नुसता संकोच. परक्यांच्या घरात, वडीलधाऱ्या बाईचं बोट दाखवून बोलायचं, तेही सगळ्यांसमोर, माझ्या जिभेला झेपलं नाही. शालन पुन्हा चुलीकडे वळली.

अंगणात खाटेवर बसून मी फॉर्म भरला. आमच्या डिस्टेंपरमध्ये कळीचा चुना मिसळलेला दिसत होता, तो मिसळायचा नसतो. मी विचारलं, "पुडीत चुना कोणी घातला?"

"थोरलीनं," आबा म्हणाले.

आतून शालनचा आवाज आला, "तुमीच म्हनला हुता मामा, दोन पुड्यांत तीन खोल्या बसवा म्हनून!"

"गप गं!"

रंग लावणाऱ्याचे नाव: शालन. डाग पडण्याचे कारण: वापरणाऱ्याने चुकीच्या पद्धतीने वापर केला. एकूण एक शब्द खरा होता. मी सही केली, दुकानातला कंपनीच्या नावाचा शिक्का मारला, तिसरी प्रत फाडून आबांच्या हातात दिली. भिंत खरवडून पुन्हा रंगाचे दोन हात द्या, डाग जाईल, असंही सांगितलं. चहा घेतला.

एसटीच्या थांब्याकडे चालताना शंकररावांनी आधी मागे वळून घराकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, बोट बघितलं न्हवं?"

"तुम्हांला कसं दिसलं?"

"खिडकीतनं. भित समोरच हुती."

"बघितलं."

"मग बोलला का न्हाईसा?"

मला राग आला. "तुम्ही का नाही बोललात? एरवी खिडकीतून एवढं सांगता."

ते थांबले. "मी? ज्यास्नी माजं पाऊल आत चालत न्हाई, त्यास्नी माजा शबुद चालंल? मी बोललो असतो तर करनी माज्याच अंगावर आली असती. तुमी आत हुता, बाई. तुमास्नी तितं उबं केलंय ते कशापाई?"

बसमध्ये ते पुढे बसले, मी मागे.

पंधरा दिवसांनी एका सकाळी मी दुकानात आले तर अण्णा खुशीत होते. आबा येऊन ऑइलपेंटचे चार डबे घेऊन गेले होते.

"तुझ्या कागदाचं फार कौतुक करत होते," अण्णा म्हणाले. "गावच्या मास्तरांकडून वाचून घेतला म्हणे. चारचौघांत. कंपनीनं शिक्क्यानिशी लिहून दिलंय की चूक शालनची आहे. मग तिच्या भावाला बोलावून घेतलं आणि लावून दिली माहेरी."

"लावून दिली म्हणजे?"

"म्हणजे पाठवली. परत न्यायची नाही असं."

मी म्हणाले, "अण्णा, त्या कागदात रंगात चुना मिसळल्याचं आहे. करणीचं नाही."

"असेल. पण वाचणारा काय वाचेल ते आपल्या हातात आहे का?"

"मी पुन्हा जाते. दुसरा कागद देते."

"अगं, आपण रंग विकतो," अण्णा म्हणाले. "लोकांची घरं चालवत नाही."

वाईट माणूस नव्हते अण्णा. माझ्या मावशीच्या आजारपणात रोज डबा पाठवत. पण तेव्हा त्यांचं ते शांत बोलणं मला सहन झालं नाही. लोकांची घरं! शंकररावांना बाहेर ठेवून मला आत पाठवताना ती कोणाची घरं होती? देवऋषीनं सांगितलेलं चार दिवसांत विरलं असतं. देवऋषी काय, आज एक सांगतो, उद्या दुसरं. छापील इंग्रजी कागद विरत नाही. त्या घराला जे करणीनं जमत नव्हतं ते माझ्या सहीनं जमवून दिलं होतं.

शालनचं माहेर साताऱ्याच्या पुढे, तिथून एसटीनं तासाभरावर. मी रजा न मागताच गेले. दुकानातला एक कोरा कागद, शिक्का आणि शाईची गादी पिशवीत घातली. यालाही चोरी म्हणता येईल, म्हणावं.

अंगणात शालन शेंगा फोडत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"आता काय डाग काडाया आलाय?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. कागदाचं सांगितलं, त्यात काय लिहिलं होतं ते सांगितलं. मला हात कोणाचा ते त्याच दिवशी दिसलं होतं, हेही सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली.

"मला काय नवं सांगितलंसा?" ती म्हणाली. "हळद पुसताना मी बाजूलाच हुते. माज्या सासूच्या, आत्तींच्या, हातापुढं परात मीच धरली हुती."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"बोलले की. घट बसल्या दिवशीच बोलले. तर म्हनल्या, बगा, सासूवर ढकलतीया. माज्या बोलण्याला काय किंमत? तुमास्नी इचारलं त्यांनी. आबांनी इचारलं. तुमी 'काकींचा हात' एवढं दोन शबुद बोलायला पायजे हुतं. मी भाकर टाकून तुमच्याकडं बघितलं. बघितलं का न्हाई?"

"बघितलंत."

"मग?"

मी रडले नाही. रडायचा हक्क तिचा होता आणि तीही रडत नव्हती. मी पिशवीतून कागद काढला आणि म्हटलं, मी दुसरा कागद लिहून देते. मराठीत. तुमच्या मालकांना पलटणीच्या पत्त्यावर पाठवा.

शालन चौथीपर्यंत शिकली होती. शेंगांची पाटी बाजूला सरकवून ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि मी लिहिते ते बघू लागली. मी लिहिलं, 'सदर भिंतीवरील ठसे घरातील एका व्यक्तीच्या हाताचे आहेत.'

"यक्ती कोन?" ती म्हणाली. "नाव लिवा."

मी खोडलं. 'सासूबाईंच्या.'

"नुसतं सासूबाई न्हाई. उजव्या हाताचं मधलं बोट लिवा. आन चुना मिसळा म्हनून आबांनी सांगितलं, ते बी लिवा."

लिहिलं.

"आन तुमी त्या दिशी खोटं बोलला ते?"

मी तिच्याकडे बघितलं. ती मस्करी करत नव्हती. मी लिहिलं, 'तपासणीच्या वेळी हे मला दिसले होते व मी ते सांगितले नाही. माझा पहिला कागद चुकीचा समजावा.' खाली सही केली आणि शिक्का मारला.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. शालनच्या नवऱ्यानं तो वाचला आणि पुढच्या रजेत तो आधी सासुरवाडीला आला. आई-वडिलांशी त्याचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. शालनला घेऊन तो छावणीतल्या क्वार्टरमध्ये गेला, ती आष्ट्याकडे परत नांदायला गेली नाही. दिवाळीला दोघं येतात आणि दोन दिवसांत जातात, एवढं शंकररावांच्या कानावर आलं आहे. कागद फिरत फिरत आबांच्याही हाती पडला, त्यांनी कंपनीकडे तक्रार केली, आणि कंपनीच्या शिक्क्याखाली गिऱ्हाइकाच्या घरची भानगड मराठीत लिहिल्याबद्दल मला काढून टाकण्यात आलं. अण्णांना वाईट वाटलं. शंकरराव अजून तिथेच काम करतात, आणि अजून खिडकीखालीच उभे राहतात. आत आता दुसरी मुलगी जाते.

मला जे सारखं आठवतं ते मात्र त्या दुपारचं. शिक्का वाळावा म्हणून मी कागद उन्हात धरला होता. शेजारच्या दोन बायका कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. शालनचा भाऊ बैलांना पाणी दाखवून आला आणि उंबऱ्यावर टेकला. त्याच्या तोंडावरून दिसत होतं की बहिणीला घरी आणल्यापासून गावात त्याला काय काय ऐकावं लागलं असेल.

"वाचून दावा आता," शालन म्हणाली. "समद्यांसमोर."

मी वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील.

"बाई, मोट्यानं," ती म्हणाली. "आत आये बसलीया. तिला कमी ऐकू येतंय."

मी उभी राहिले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.